समोर सरकार नसताना घटनेतला हक्क कसा मागायचा

मोफत विधी सेवेच्या टेबलावर मी सोळा वर्षं बसते आहे. कितीतरी अर्ज एकाच वाक्याने सुरू होतात: ‘माझ्या मूलभूत हक्कांची पायमल्ली झाली आहे.’ खाली समानतेचं १४, भेदभावबंदीचं १५, स्वातंत्र्याचं १९, जीविताचं २१ अशी कलमांची रांग. आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध, तो असतो सलूनवाला, मुकादम, घरमालक, नाहीतर सख्खा भाऊ. त्या वाक्यामागचं दुःख खरं असतं, पण तेवढ्यावर अर्ज हलत नाही. तो हलावा म्हणून काय करायचं, ते सांगते.

आधी बघा, अडवणारा कोण आहे. घटनेतले बहुतेक मूलभूत हक्क ‘राज्या’विरुद्ध आहेत. राज्य म्हणजे कोण ते कलम १२ सांगतं: केंद्र आणि राज्य सरकारं, संसद, विधिमंडळं, ग्रामपंचायत-नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्था आणि इतर प्राधिकरणं. कलम १४ तहसीलदाराला दाखवता येतं, शेजाऱ्याला नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं म्हणून कलम १९ घेऊन कोणी आलं, तर मी तिथेच थांबवते.

मात्र काही कलमं खासगी माणसालाही बांधतात. १५(२): दुकान, उपाहारगृह, हॉटेल, करमणुकीची जागा, सार्वजनिक विहीर, पाणवठा, रस्ता इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाला अडवता येत नाही. १७: अस्पृश्यता बंद. २३: माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी बंद. २४: चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवायचं नाही. तुमची गोष्ट यांपैकी एकात बसते का, हे शांतपणे तपासा. ‘दुकान’ या शब्दावर अडू नका. संविधान सभेत १९४८ मध्ये त्यावर विचारणा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा अर्थ मोठा ठेवला: ठरलेल्या अटींवर जिथे सेवा दिली जाते, ते दुकान. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हाच धागा धरून खासगी शिक्षणसंस्थाही त्यात आणल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कलम सापडलं की तिथे थांबू नका, त्या कलमातून निघालेला कायदा शोधा. खासगी माणसापर्यंत हक्क पोहोचतो तो बहुतेक वेळा या कायद्याच्या वाटेने. आणि या वाटेवर पुराव्याचं ओझं अनेकदा समोरच्याच्या डोक्यावर जातं. हे लोकांना कोणी सांगत नाही, आणि मला त्याची फार तळमळ आहे.

केस कापायला नकार मिळालेला एक मुलगा गेल्या वर्षी आला होता. टंकलेखकाकडून अर्ज करून आणलेला, पानभर ‘समानता’ आणि ‘प्रतिष्ठा’. दुकानात काय घडलं, याची एक ओळ नाही. मी कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, बाळा, दारात पाय ठेवल्यापासून सांग. मग कागदावर उतरलं ते असं: ‘रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी दुकानात गेलो. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. दुकानदार म्हणाला, तुमच्या लोकांचे केस आम्ही कापत नाही. बाकावर दोघं बसले होते, त्यांनी ते ऐकलं.’ खाली त्या दोघांची नावं, सोबत जातीच्या दाखल्याची प्रत. १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात सेवा नाकारणं हा गुन्हा आहे. त्याचं कलम १२ वाचा: पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेपायीच झालं असं न्यायालय धरून चालतं, तसं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. जोडीला १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच.

उचल घेऊन कामावर गेलेल्या जोडप्याचंही तसंच. उचल फिटेपर्यंत हलायचं नाही असं मुकादम म्हणतो, तेव्हा कलम २३ आणि १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा एकत्र धरा. ते कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे, आणि वेठबिगारीचं ठरलं तर ते फेडायची गरजच उरत नाही. अर्ज थेट जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे द्या. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटलं आहे. कारण उपासमारीपुढे माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही. माणूस डांबूनच ठेवला असेल तर उच्च न्यायालयात कलम २२६ खाली बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे डांबलेल्याला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी याचिका करता येते, डांबणारा खासगी असला तरी.

जातपंचायतीने वाळीत टाकलं असेल तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा आहे. कामाच्या जागी लैंगिक छळ झाला तर २०१३चा कायदा, जो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या विशाखा निकालातून आला. तिथे तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते, तेव्हा तारीख आधी बघा. एचआयव्हीमुळे घर नाकारलं तर २०१७चा कायदा घरमालकालाही लागू होतो.

काही ठिकाणी वाट अरुंद आहे, तेही मी लपवत नाही. जात-धर्म विचारून घर नाकारणाऱ्या खासगी मालकाविरुद्ध सरसकट असा एक कायदा नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरतं ठेवलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मान्य केलं. मला तो निकाल आजही बोचतो. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात पाचपैकी चार न्यायमूर्तींनी कलम १९ आणि २१ सरकारबाहेरच्या माणसांविरुद्धही मागता येतील असं म्हटलं. अर्जात ते जरूर लिहा, पण सगळी मदार त्यावर ठेवू नका. हातात कायदा असेल तर तो पहिला.

अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर पोच घ्या. पोलीस तक्रार नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. वकील परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या मदत क्रमांकावर फोन करा. महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

त्या मुलाने जाताना विचारलं होतं, बाकावरच्या दोघांपैकी एक आता मागे हटलाय, त्याचं नाव खोडू का? मी म्हटलं, राहू दे. बोलायचं की नाही ते तो ठरवेल, पण तो तिथे बसला होता हे कागदावर असलं पाहिजे.