कुकू शिकायचाय? आधी गुडघे सैल सोडा

कुकू हा पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातला नाच. ढोल-ताशा पथकात वर्षानुवर्षं कमरेला ढोल बांधून माझी पाठ ताठ झाली होती. परळच्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी गिनीहून आलेल्या आमच्या सरांनी माझ्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं, "खाली." गुडघे सैल, धड थोडं पुढे, अख्खं पाऊल जमिनीवर. भात लावताना वाकतात तसं. राजापूरच्या माझ्या आजीला हे शिकवावं लागलं नसतं.

दुसरं, आकडे मोजू नका. मी महिनाभर मनात एक-दोन-तीन-चार म्हणत होते आणि दर वळणाला चुकत होते. साथीला तीन डुंडुन, म्हणजे काठीने वाजवायचे ढोल, असतात: लहान केंकेनी, मधला संगबान, मोठा डुंडुनबा. पावलं संगबानच्या ठेक्यावर टाका. त्यांच्यावर जेंबे, म्हणजे हाताने वाजवायचा ढोल, बोलत असतो. मध्येच तो एक ठरावीक तुकडा वाजवतो, तो इशारा. ऐकला की चालू पाऊल सोडून पुढचं घ्यायचं. ताशावाला हात (म्हणजे ठेका) बदलायला खूण करतो, अगदी तसंच. तो तुकडा तोंडाने म्हणत घरात चालून बघा. आठवड्यात कान तयार होतो.

नाव मात्र पहिल्या दिवसापासून नीट घ्या. नुसतं "आफ्रिकन डान्स" म्हणू नका. कुकू गिनीच्या आग्नेयेकडच्या वनप्रदेशातला. मासे धरून परतणाऱ्या बायकांचा नाच, असं सांगतात. (जंजिऱ्याच्या सिद्दींशी याची गल्लत करू नका, त्यांची मुळं पूर्व आफ्रिकेतली.) फोदेबा केइता यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये 'ले बॅले आफ्रिकँ' हे नृत्यपथक उभं केलं, १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर ते देशाचं पथक बनलं. अशा पथकांनी गावातलं गोल रिंगण मोडून प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या रांगा केल्या. आपण शिकतो त्या रांगा तिथल्या. पुढे या कलाकारांनी परदेशात वर्ग काढले, आणि आईवडिलांचं गाव न पाहिलेली मुलं तिथे गावाची पावलं शिकू लागली. मला हे परकं वाटत नाही. आमच्या चाळीत चाकरमान्यांची जाखडी बघूनच मला कोकण कळलं.

पिसांचे घागरे, तोंडाला रंग, काही नको. सुती लुंगी कमरेला घट्ट बांधा, अनवाणी या. शेवटी रिंगण होतं. एकेकाने आत जायचं, जेंबेवाल्याकडे तोंड करून नाचायचं, आणि बाहेर येण्याआधी वादकांसमोर वाकून जमिनीला, मग छातीला हात लावायचा.