खिडकीतला कावळा फोटोत नुसता काळा येतो? या चुका टाळा

रविवारी आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली सात-आठ पोरं माझ्याकडे जमतात, आधी पक्ष्यांचे फोटो मग त्यावरून चित्र. पहिल्याच दिवशी सगळ्यांचा कावळा ठार काळा. म्हटलं अरे तो ग्रिलवर बसलाय बघा, मान राखाडी आहे ना त्याची! तर एक पोरगी मोबाईल पुढे करून म्हणते, "काका, फोटोत तर काळाच आहे." खरंच होता.

मागे आकाश उजळ असलं की कॅमेरा त्या उजेडाच्या हिशोबाने फोटो घेतो, पक्षी काळवंडतो. मोबाईलवर पक्ष्यावर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह येतं ते वर सरकवा, कॅमेऱ्यात एक्स्पोजर (म्हणजे फोटो किती उजळ हवा ते) +१ करून बघा. आकाश पांढरं फटक पडेल, पडू दे. बगळ्याचं उलटं, खाडीकाठच्या गडद तिवरांच्या झाडीपुढे त्याची पिसं पार उडून जातात, तिथे -१. (अंगभर काळा तो डोमकावळा, मुंबईत तोही आहे, पण चपाती मागायला येणारा बहुतेक साधाच.)

फ्लेमिंगो बघायला ठाणे खाडीवर भरती-ओहोटीची वेळ न बघता जाऊ नका. पूर्ण ओहोटीला ते लांब चिखलात, नुसते गुलाबी ठिपके दिसतात, आणि मोबाईलचा डिजिटल झूम म्हणजे तोच ठिपका कापून मोठा केलेला. पाणी चढताना ते काठाकडे सरकतात, तेव्हा थांबा. आणि चित्रात हमखास होणारी गंमत, पोरं म्हणतात याचा गुडघा उलटा वाकतो. तो गुडघा नाहीच, घोटा आहे! गुडघा वर पोटाशी पिसांत लपलेला असतो. एकदा हे कळलं की पाय आपोआप नीट येतात.

घरट्याचे फोटो काढूच नका, माझं ऐका. गॅलरीतल्या वायरीला शिंजिराने (छोटासा सनबर्ड) घरटं लटकवलं होतं, फ्रेम क्लिअर यावी म्हणून मी समोरची एक फांदी फक्त बाजूला बांधली, दोन दिवसांत कावळ्यांनी घरटं रिकामं केलं. अजून वाईट वाटतं.

पानांचे ठसे घेताना झाडाची तोडू नका, खाली पडलेली पुरतात. पान पालथं ठेवायचं म्हणजे शिरा वर येतात, त्यावर पातळ कागद, आणि खडू आडवा धरून घासायचा. ड्रॉइंगच्या जाड कागदावर काही उमटत नाही, आम्ही अख्खा एक रविवार त्यात घालवला.

कावळा परत काढला परवा. आता भांडण राखाडीत ब्राऊन किती घालायचा आणि पंखावरचा निळा कुणाला आधी दिसला यावर चालू आहे.