हेल्मेटमध्ये इंटरकॉम घरच्या घरी कसा बसवावा

घाटातल्या आंधळ्या वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध म्हशी ठाण मांडून बसलेल्या असतील, तर पुढे गेलेल्या दुचाकीस्वाराला मागून येणाऱ्या सोबत्याला ते हातवारे करून सांगता येत नाही. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर, म्हणजे स्पीकर आणि माइक असलेल्या बिनतारी बोलण्याच्या यंत्रावर, मात्र दोन शब्दांत सांगता येते. एवढ्या एका कारणासाठीही हे यंत्र घेण्यासारखे आहे. तरीही ते घेतलेल्यांपैकी अनेकांची तक्रार असते, की गाडीने साठचा वेग ओलांडला की वाऱ्याच्या घोंगावण्यात काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी दोष बहुधा यंत्रात नसतो. स्पीकर कानाच्या भोकासमोर न बसता बोटभर खाली किंवा मागे बसलेला असतो, आणि त्याची भरपाई म्हणून आवाज वाढवत नेला जातो.

माझा पहिला संच मी सहलीच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता घाईघाईने बसवला होता. दुसऱ्या दिवशी मुळशी मागे पडेपर्यंत उजवा कान ठणकू लागला, आणि ताम्हिणी उतरून माणगावला चहासाठी थांबल्यावर हेल्मेट काढले, तेव्हा कानाच्या पाळीवर स्पीकरच्या कडेचा लाल अर्धगोल स्पष्ट उमटलेला होता. काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे, परंतु ते निघण्याच्या किमान तीन दिवस आधी, टेबलावर चांगल्या उजेडात करावे. तीनच दिवस का, ते चिकटपट्टीचा विषय निघेल तेव्हा स्पष्ट होईल.

आधी हेल्मेट तपासावे

हेल्मेटचे तीन थर असतात. बाहेर कडक कवच, त्याच्या आत थर्माकोलसारख्या दिसणाऱ्या ईपीएस या हलक्या फोमचा जाड थर आणि त्यावर कापडी अस्तर व गालांशी येणारे चीक पॅड. डोके आपटते तेव्हा हा मधला थर स्वतः चुरडून धक्का पचवतो. म्हणून त्याची जाडी कोठेही कमी करता कामा नये. स्पीकरला जागा व्हावी म्हणून कटरने हा थर कोरून देणारे दुकानदार मी पाहिले आहेत, आणि असे हेल्मेट मी फुकट मिळाले तरी घालणार नाही. कवचाला भोक पाडणे हाही तसाच प्रकार आहे. भारतात दुचाकीस्वारांची हेल्मेटे १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ या मानकानुसार आयएसआय चिन्हांकित असणे बंधनकारक आहे, परंतु ती चाचणी झालेली असते ती कारखान्यातून बाहेर पडलेल्या हेल्मेटची, नंतर आपण कोरलेल्या हेल्मेटची नव्हे.

कानाशी असलेले अस्तर बाजूला करून अंगठ्याने चाचपून पाहावे. अलीकडच्या बऱ्याच हेल्मेटांत तेथे स्पीकरसाठी गोल खळगा मुद्दाम ठेवलेला असतो. संचातले स्पीकर साधारणतः ४० मिलिमीटर व्यासाचे असतात, त्यामुळे खळग्याची रुंदी आणि खोली पट्टीने मोजून घ्यावी. खळगा नसेल, तर पातळ स्पीकरचा संच शोधावा. आणि हेल्मेट मुळातच कानांना घट्ट होत असेल, तर त्यात इंटरकॉम बसवण्याचा विचार सोडून द्यावा. पूर्वी जोरात आपटलेल्या हेल्मेटवर नवा खर्च करण्यात तर काहीच अर्थ नाही, ते बदलण्याचीच वेळ झालेली असते.

खोक्यातल्या वस्तूंवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मुख्य यंत्र, ते अडकवण्याचा क्लॅम्प, चिकटपट्टीची दुसरी बैठक, दोन स्पीकर, वेल्क्रोचे तुकडे, फोमच्या चकत्या, स्क्रू आवळण्याची षटकोनी ॲलन की आणि माइक एवढे असते. माइक दोन प्रकारचे येतात. हनुवटीवर कवच असलेल्या फुल-फेस हेल्मेटसाठी बारीक वायरचा, आणि ओपन-फेस किंवा हनुवटी वर उचलता येणाऱ्या मॉड्युलर हेल्मेटसाठी दांडीचा. काही संचांत दोन्ही मिळतात, काहींत एकच, तेव्हा आपल्या हेल्मेटला लागणारा आहे ना, हे घेतानाच पाहावे.

बसवण्यापूर्वी यंत्र पूर्ण चार्ज करावे, सर्व वायरी टेबलावरच जोडाव्यात आणि फोनशी जोडणी करून एखादे गाणे लावून पाहावे. स्पीकर खराब निघाला, तर वेल्क्रो चिकटवण्याआधी परत करणे सोपे जाते.

यंत्राची जागा

आता चीक पॅड काढावेत. ते टिचबटणांवर बसवलेले असतात. कापड धरून ओढल्यास बटणामागची प्लास्टिकची पट्टी फाटते, म्हणून बोटे बटणापर्यंत आत घालून एकेक बटण उचकटावे. त्यापूर्वी आतल्या बाजूचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवल्यास पुन्हा बसवताना डोके खाजवत बसावे लागत नाही.

मुख्य यंत्र डाव्या बाजूला बसवतात. उजवा हात ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकमध्ये अडकलेला असतो. डावा हात क्लचवरून क्षणभर सोडता येतो. क्लॅम्प वापरायचा असेल, तर त्याची आतली पट्टी कवच आणि थर्माकोल यांच्यामधल्या फटीत सरकवावी, रबरी गादी कवचाला टेकते आहे ना हे पाहावे आणि दोन्ही स्क्रू ॲलन कीने आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळल्यास पट्टी तिरकी बसते. कडेची फट अगदी अरुंद असेल किंवा थर्माकोल कवचाला चिकटवलेला असेल, तर पट्टी दामटून आत घालू नये. अशा हेल्मेटसाठीच चिकटपट्टीची बैठक दिलेली असते.

चिकटपट्टीने बसवताना जागा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी. पेट्रोल किंवा थिनर अजिबात वापरू नये, कारण बऱ्याच हेल्मेटांचे कवच पॉलिकार्बोनेट किंवा एबीएस या प्लास्टिकचे असते आणि अशी द्रावणे ते आतून ठिसूळ करतात. बाहेरून काही दिसतही नाही. पट्टी लावल्यावर अर्धा मिनिट अंगठ्याने सर्व बाजूंनी जोरात दाबून धरावे. या जातीच्या फोमच्या दुहेरी पट्टीला पूर्ण पकड यायला सुमारे ७२ तास लागतात. तीन दिवस आधी काम करण्याचा आग्रह आहे तो यासाठी. तोवर बैठकीवर यंत्र लटकवू नये.

यंत्र कायमचे पक्के करण्याआधी ते हाताने जागेवर धरून काही गोष्टी पाहाव्यात. काच पूर्ण वर-खाली होते का, मॉड्युलर असल्यास हनुवटी उचलताना अडते का, गळ्याखालच्या पट्ट्याचे बकल लावताना बोटांना अडथळा येतो का, आणि जॅकेट घालून मान वळवून मागे पाहिल्यावर यंत्र कॉलरवर घासते का. काही हेल्मेटांत चीक पॅडला खालून लाल फीत असते. अपघातानंतर मान न हलवता हेल्मेट काढता यावे म्हणून मदत करणारा माणूस ती ओढून पॅड बाहेर काढतो. यंत्र किंवा वायर त्या फितीच्या वाटेत कधीही येऊ देऊ नये.

स्पीकर: सगळा खेळ येथे आहे

हेल्मेट उलटे करून मांडीवर घेतले, की वर-खालचा अंदाज हमखास चुकतो. त्यामुळे खळगा दिसला म्हणून स्पीकर त्याच्या मधोमध चिकटवून मोकळे होऊ नये. खळगा सरासरी डोक्यासाठी केलेला असतो आणि आपले डोके सरासरी असेलच असे नाही. कानाच्या भोकापुढच्या छोट्या उंचवट्यावर बोटाने थोडी टाल्कम पावडर लावावी, हेल्मेट दोन्ही पट्ट्यांनी फाकवून सरळ खाली घालावे, गाल दाबून क्षणभर स्थिर राहावे आणि तसेच फाकवून काढावे. काळ्या अस्तरावर पांढरा ठिपका उमटतो. घालता-काढताना त्याची थोडी रेघ होते, पण जेथे तो सर्वांत दाट दिसेल तेथे स्पीकरचा मध्य यायला हवा. हे दोन्ही कानांसाठी वेगवेगळे करावे. माझ्या डाव्या आणि उजव्या ठिपक्यांत चांगला अर्ध्या सेंटीमीटरचा फरक निघाला होता.

दुसरा प्रश्न अंतराचा. स्पीकर कानाला चाटून जावा, रुतू नये. तो खोल बसला, तर त्याच्यामागे संचातली फोमची चकती घालून पुढे आणता येतो. फार पुढे आला, तर चकती काढून वेल्क्रोचा एकच थर ठेवावा. एवढे करून चीक पॅड तात्पुरते लावावेत आणि घरातच हेल्मेट घालून वीस मिनिटे बसावे. घरचे हसतील, हसू द्यावे. पहिल्या पाच मिनिटांत न जाणवणारा दाब पंधराव्या मिनिटाला जाणवू लागतो, आणि वीस मिनिटांत दुखणारा कान दोन तासांच्या प्रवासात काय करील, ते वर सांगितलेच आहे.

माइक आणि वायरी

इंटरकॉमचे माइक एकाच दिशेने ऐकणारे असतात, म्हणून त्यांच्या एका बाजूला खूण, बाण किंवा ठिपका असतो. ती बाजू ओठांकडे हवी. फुल-फेसमध्ये माइक हनुवटीच्या कवचाच्या आतल्या बाजूस ओठांच्या समोर वेल्क्रोने चिकटवावा. दांडीचा असेल, तर ओठांच्या कोपऱ्याजवळ, जवळजवळ टेकेल इतका आणावा. त्यावरची स्पंजाची टोपी वारा अडवण्यासाठी असते. ती हरवली, तर ऐकणाऱ्याला आपल्या बोलण्याऐवजी वादळ ऐकू येते.

स्पीकरच्या दोन वायरींपैकी आखूड डाव्या कानाची आणि लांब उजव्या कानाची असते. लांब वायर मानेमागून, खालच्या गादीच्या आत, कवचाच्या कडेकडेने न्यावी. टाळूवरून ती कधीही नेऊ नये. डोके आणि थर्माकोल यांच्यामध्ये कोणतीही कडक वस्तू नको. उरलेली वायर सैल गुंडाळून पॅडखालच्या पोकळ जागेत ठेवावी, मात्र जबड्याच्या सांध्यासमोर किंवा कानामागच्या हाडावर गुंडाळी येऊ देऊ नये. शेवटी जोडणीची पिन ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावी, पॅडची टिचबटणे लावावीत आणि पट्टा आवळून वायर त्यावर घासत नाही ना, हे पाहावे.

जोडणी आणि पहिली फेरी

प्रथम फोन जोडावा, नंतर दुसरे हेल्मेट. एकाच कंपनीची यंत्रे आपसांत सहज जुळतात. वेगळ्या कंपन्यांची जोडताना एकाला दुसऱ्याचा फोन असल्याचे भासवावे लागते, आणि त्यामुळे कधी कधी स्वतःच्या फोनची किंवा संगीताची जोडणी सोडावी लागते. साध्या ब्लूटूथ इंटरकॉममध्ये चार जण साखळीने जोडले जातात, त्यातला मधला मागे पडला की साखळी तुटते. मेश पद्धतीत यंत्रे स्वतःच दुसरा मार्ग शोधतात, म्हणून मोठ्या गटाने फिरणाऱ्यांनी तीच घ्यावी. नवरा-बायको एकाच गाडीवर फिरणार असतील, तर मेशवर जादा पैसे घालवण्याची गरज नाही. खोक्यावर लिहिलेले अंतर मोकळ्या, सरळ रस्त्यावरचे असते. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात मध्ये डोंगराची सोंड आली, की दोनशे मीटरवरचा माणूसही ऐकू येईनासा होतो आणि वळण संपताच पुन्हा बोलू लागतो. हा बिघाड नव्हे.

पहिली फेरी ओळखीच्या रस्त्यावर मारावी. आवाज इतकाच ठेवावा की मागच्या ट्रकचा हॉर्न स्पष्ट कळेल. महामार्गावरच्या वेगात हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज कानाला घातक ठरण्याइतका असतो. लांबच्या प्रवासात फोमचे इअरप्लग घातल्यास वारा दबतो आणि स्पीकरवरचे बोलणे उलट अधिक स्वच्छ ऐकू येते. प्रथम हे पटत नाही, करून पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात धरलेले संपर्क साधन चालवताना वापरणे हे धोकादायक चालवण्यात मोडते. इंटरकॉम हातात नसतो हे खरे, परंतु फोन आपोआप उचलण्याची सोय मी बंदच ठेवतो. बोलायचे असेल, तर गाडी बाजूला घेता येते.

पावसाळ्यात यंत्राच्या चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण निघताना दोनदा दाबून पाहावे आणि परतल्यावर ते भोक पूर्ण सुकल्याशिवाय चार्जर लावू नये. अस्तर धुण्याआधी स्पीकर आणि माइक काढून घ्यावेत. यंत्रात लिथियमची बॅटरी असते, त्यामुळे भर उन्हात आरशावर हेल्मेट लटकवून जेवायला जाण्याची सवय मोडावी. यंत्र क्लॅम्पवरून सोडवून खिशात टाकले, की चोरीचीही काळजी मिटते. ॲलन की मात्र खोक्यात परत न ठेवता गाडीच्या टूलकिटमध्ये टाकावी. क्लॅम्पचा स्क्रू सैल झाल्याचे लक्षात येते, ते बहुधा घरापासून शंभर किलोमीटरवर.