माळवद (मातीचं सपाट छत) गळतंय, मालक ऐकत नाही: भाडेकरूने काय करावं

आधी हातातला कागद बघा. पेठेतल्या वाड्यात रीतसर भाडेकरू असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 तुमच्या पाठीशी आहे. अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' असेल तर भाडेकरूचे हे हक्क सहसा मिळत नाहीत, करारात लिहिलंय तेवढ्यावरच भागवावं लागतं.

कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. फक्त करारात दुरुस्ती तुमच्या गळ्यात घातलेली नाही ना, ते तपासा. मग उन्हाळ्यातच निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. "घर खराब झालंय" असं मोघम लिहू नका. "मागच्या खोलीत दाराच्या वरची दोन लाकडं कुजलीत, तिथून माती पडते" असं लिहा, फोटो जोडा, पोस्टाची पोच जपून ठेवा.

तरीही मालक हलला नाही, तर दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण एका वर्षात फक्त वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच, आणि लोक फसतात ते इथंच. महिना 300 रुपये भाडं म्हणजे वर्षाचे 3,600, त्यातले कापता येतात 900. एवढ्यात माळवद होत नाही. म्हणून वाड्यातल्या सगळ्या भाडेकरूंनी मिळून एकच नोटीस द्यावी आणि खर्च वाटून घ्यावा. वाळू, पत्रे, मजुरी, सगळ्याच्या पावत्या ठेवा. त्या आणि तुमचा हिशोब कायद्याने मालकावर बंधनकारक असतो.

रागाच्या भरात भाडं मात्र अजिबात थांबवू नका. थकबाकी दिसली की घर खाली करून घ्यायचा दावा मालकाला सोपा जातो. तो पैसे घेत नसेल तर मनीऑर्डर करा, परत आलेली पावती ठेवा. घेतलेल्या भाड्याची लेखी पावती देणं कलम 31 नुसार त्याला भागच आहे.

सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी मालकाने व्हॉल्व्हला कुलूप लावलं की पुढच्या पाळीपर्यंत घर कोरडं. सबळ कारण नसताना पाणी, वीज, जिन्यातला दिवा तोडणं कलम 29 ने मना आहे. तारीख-वेळ वहीत टिपा, दिवाणी न्यायालयात अर्ज करा आणि त्यातच अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेश मागा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

महापालिकेने वाडा धोकादायक ठरवला तर जीव आधी, बाहेर पडा. पण त्याआधी खोल्यांचं मोजमाप लेखी करून घ्या. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं आहे.