गावाभोवतीच्या पायवाटा धुंडाळायच्या कशा? आधी चालत, मग धावत, शेवटी सायकलवर

बहुतेक गावांच्या आणि शहरांच्या कडेला पायवाटा असतात. कुठे तलावाला वळसा घालणारी, कुठे टेकडीवर चढणारी, तर कुठे दोन रस्ते आतल्या आत जोडणारी. त्या धुंडाळायला निघणाऱ्या प्रत्येकाला माझा एकच आग्रह असतो: नवी वाट पहिल्यांदा पायीच पाहा. सुटलेला घसारा (घसरती माती-खडी), अचानक आलेली पायरी, आडवं मूळ हे सारं चालताना आधीच दिसतं. सायकलवर ते दिसेपर्यंत चाक त्यावर गेलेलं असतं.

१. घरी बसून नकाशा वाचा

२००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या ऑनलाइन नकाशावर कोणालाही भर घालता येते, त्यामुळे इतर नकाशांत नसलेल्या पायवाटा तिथे बऱ्याचदा सापडतात. नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असतील तर त्या नीट बघा. त्या जिथे दाटीवाटीने आल्यात तिथे चढ खडा असतो. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. रेंज गेली तरी जीपीएस चालतं, कारण फोन उपग्रहांचे संकेत फक्त ऐकत असतो.

वाट कोणाच्या मालकीची आहे, तिथे सायकलला परवानगी आहे का, हेही विचारून घ्या. नकाशावर रेघ आहे म्हणजे जायची मुभा आहे असं होत नाही.

२. वेळेचा हिशेब मांडा

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे ६ किलोमीटरच्या वाटेवर ३०० मीटर चढ असेल, तर साधारण पावणेदोन तास. यात विश्रांती धरलेली नाही. अंधार कधी पडतो ते पाहून परत फिरायची वेळ निघण्याआधीच ठरवा, ती घरी सांगून जा आणि पाळा. शिखर दहा मिनिटांवर राहिलं असलं तरी पाळा.

३. पहिली फेरी: चालत

प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून बघा. परतीच्या वाटेवर तीच जागा उलट्या बाजूने इतकी वेगळी दिसते की ओळखू येत नाही. बहुतेक चुकामूक इथेच होते. फाट्याचा फोटो काढून ठेवा. ढोरवाटा फसव्या असतात, ठळक सुरू होऊन झुडपात विरतात. पहिल्या वेळी गेलात त्याच वाटेने परत या. गोल फेरीचा बेत नंतर करा.

४. दुसरी: धावत

इथे रस्त्यावरचा वेग विसरा. पावलं छोटी टाका आणि नजर पायाशी न ठेवता तीन-चार मीटर पुढे ठेवा. खड्या चढावर बेलाशक चाला. मुरलेले धावपटूही चालतात. उतारावर मागे रेलून टाचेवर जोर देऊ नका. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी ते दुखतात. सुरुवातीला उतार कमी असलेली वाटच निवडा.

५. तिसरी: सायकलवर

टायरमधली हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवा, पण टायरवर लिहिलेल्या किमान मर्यादेच्या खाली नको. उतारावर सीटवरून उठा, दोन्ही पेडल समपातळीत ठेवा आणि वेग वळणाआधीच कमी करा. वळणात कचकन ब्रेक दाबला की चाक घसरतं. पंप, जादा ट्यूब आणि हेल्मेट हवंच.

चालणाऱ्याला सायकलवाल्याने वाट द्यावी, चढणाऱ्याला उतरणाऱ्याने. मागून येत असाल तर लांबूनच आवाज द्या.

पावसानंतर वाट चिखलाची असेल तर ती सुकू द्या. ओल्या मातीत चाकांनी पडलेल्या चरांतून पुढचं पाणी वाहतं आणि वाट खचते. डबकं आलं तर मधूनच जा. सगळे कडेने जाऊ लागले की वाट रुंदावत जाते आणि कडेचं गवत मरतं.

तिन्ही फेऱ्यांची जीपीएस नोंद जपून ठेवा. ती वाट सर्वांसाठी खुली असल्याची खात्री असेल आणि नकाशावर नसेल, तर तिथे भर घाला.