अचानक निघालात? मराठवाड्याच्या आडरस्त्यांवर या चुका टाळा

शनिवारची जेवणं उरकली होती, आभाळ भरून आलं होतं. "चला, सौताड्याचा धबधबा बघून येऊ," असं मीच म्हणाले आणि तासाभरात आम्ही दोघं संभाजीनगरहून निघालोही. बीडपर्यंत महामार्ग, मांजरसुंब्याला उजवीकडं वळून पाटोद्याचा रस्ता. श्रावणात बालाघाटाच्या माथ्यावरचा तो रस्ता असा देखणा असतो की गाडी चारदा थांबते. आम्हीही चारदा थांबलो. पोचलो तेव्हा दरीत काळोख झाला होता. धबधबा नुसता ऐकला, आणि रात्री कुठं टेकायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

तेव्हापासून आम्ही असं बरंच भटकलो. अचानक निघण्यात काही चूक नाही, ती मजा जपावीच. फक्त एक गोष्ट अचानक ठरवायची नाही: मुक्काम.

मुक्काम अंधारावर सोडणं

आडरस्त्याच्या गावांत लॉज नसतो. तो असतो बीडला, अंबाजोगाईला, तुळजापूरला, नांदेडला. म्हणून निघतानाच रात्रीचं गाव ठरवा, फोन करून खोली सांगून ठेवा, आणि तिथून उलटे तास मोजा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनच्या सुरुवातीला सात वाजेपर्यंत उजेड असतो. या एका तासानं सगळा हिशोब बदलतो.

वारही बघा. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला गर्दी असते, नवरात्रात तर खोलीची आशाच नको. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. वेळा अमावास्येला लातूर-धाराशिव भागात अख्खं गाव शेतात जेवायला गेलेलं असतं. हॉटेलं बंद म्हणून हिरमुसू नका, एखाद्या शेतावर हाक आली तर जरूर जा. आंबील आणि भज्जीचा तसा घास हॉटेलात मिळत नाही.

आणखी एक. लॉजवर दोघांचंही ओळखपत्र मागतात. त्या रात्री माझं घरी राहिलं होतं. काउंटरवर अर्धा तास समजूत घालत उभं राहावं लागलं, आणि दिवसभराचा आनंद तिथंच उतरला.

नकाशाचा जवळचा रस्ता धरणं

मोबाइलवरचा नकाशा आठ किलोमीटर वाचवतो म्हणून डांबरी सोडायला सांगतो. पुढं तो पाणंद रस्ता निघतो, दोन्ही बाजूंना तूर नाही तर कापूस, आणि गाडी वळवायलाही जागा नाही. फाट्यावर काच खाली करून विचारा. "मामा, इकडून चारचाकी जाते का?" असं विचारा, "रस्ता आहे का?" असं नको. रस्ता तर बैलगाडीचाही असतो! निघण्याआधी नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, घाटात रेंज जाते. रोख पैसेही ठेवा, रेंज नसली की क्यूआर कोड कामाचा नाही. टाकी अर्धी झाली की भरून घ्या, छोट्या गावातला पंप रात्री उघडा असेलच असं नाही.

पावसात फरशीवर आणि काळ्या मातीत गाडी घालणं

यावर मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण इथं जीव जातात.

आडरस्त्यांवरचे ओढे अजून फरशी पुलावरून, म्हणजे ओढ्यातच बांधलेल्या बुटक्या पुलावरून, ओलांडावे लागतात. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पण वरच्या अंगाला पाऊस झालेला असतो, आणि पाणी नंतर येतं. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली हे दिसत नाही. फूटभर वाहतं पाणीसुद्धा छोटी गाडी ढकलायला पुरतं. काठावर उभा असलेला माणूस म्हणाला, "ताई, थांबा, फरशीवून पाणी चाललंय," तर थांबाच. बालाघाटातले ओढे जसे पटकन चढतात, तसे बहुतेक वेळा काही तासांत उतरतातही. तेवढ्यात चहा होतो. पाणी उतरेना तर मागं फिरा. आम्ही एकदा असंच फिरलो, आणि धबधबा राहिला म्हणून मला आजवर वाईट वाटलेलं नाही.

दुसरी फसगत काळ्या मातीची. कोरडी असताना दगडासारखी, भिजली की फुगते, लोण्यासारखी निसटते आणि चाकाला चिकटते. फोटोसाठी गाडी डांबराखाली उतरवली की संपलं. चाक जागेवर फिरू लागलं तर ॲक्सिलरेटर दाबू नका, गाडी आणखी रुतते. खाली उतरा, चाकापुढचा चिखल काढा, तुराट्या नाही तर पऱ्हाट्या (तुरीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्या) आडव्या टाका आणि दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू सोडा. नाही निघाली तर ट्रॅक्टरवाल्याला हाक मारा. बहुतेक जण पैसे घ्यायला तयार होत नाहीत, तरी डिझेलचे द्या. मोटारसायकलवर असाल तर चिखल मडगार्डमध्ये दाटून चाकच फिरेनासं होतं. अशा वेळी ढकलत बसू नका, काठीनं चिखल कोरून काढा.

रात्रीचा ऊस आणि दिवसाचं खळं

दिवाळीनंतर कारखाने पेटले की रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर येतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की पुढची गाडी दिसतच नाही. त्या बैलगाडीवर बऱ्याचदा लेकरं झोपलेली असतात. या दिवसांत अंधार पडल्यावर मी आडरस्ता सोडायलाच सांगते. ते शक्य नसेल तर चाळीसच्या वर जाऊ नका.

दिवसा वेगळाच प्रकार. सोयाबीन, तूर मळायला डांबरावर पसरलेली असते. वरून गाडी नेली तर काड गाडीखाली अडकतं, सायलेन्सरवर तापून पेटू शकतं. जळका वास आला की मोकळ्या जागी थांबा, इंजिन बंद करा, थोडं निवल्यावर काठीनं काड ओढून काढा. थांबताना गाडी वाळल्या गवतावर उभी करू नका.

काटा, जॅक आणि स्टेपनी

सावली बघून बाभळीखाली गाडी लावली की काटा ठरलेला. ट्यूबलेस टायरमध्ये काटा दिसला तर उपटू नका, काटाच भोक बुजवून असतो. हवा भरत पंक्चरच्या दुकानापर्यंत जा. निघण्याआधी स्टेपनीची हवा आणि जॅक बघा. आमच्या स्टेपनीत हवाच नव्हती, आणि ते कळलं कपिलधारच्या फाट्यावर. तापलेल्या इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, अर्धा तास द्या. अडचणीत 112 लावा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033.

दोघांनी एकाच वेळी रस्ता दाखवणं

चालवणाऱ्यानं चालवावं, शेजारच्यानं फाटे बघावेत. "अहो, वळा, वळा" असं मी वळणावर म्हणायचे, आणि आमची निम्मी भांडणं त्यावरूनच झाली. आता पुढचा फाटा मी दोन किलोमीटर आधी सांगते. पाच वाजले की आणखी एक ठिकाण बघायचं की नाही, हे गाडी थांबवून ठरवतो. दोघांपैकी एकाला जरी "नको" वाटलं, तर तो विषय तिथंच संपतो.

सौताडा आम्ही पुढच्या श्रावणात पाहिला. बीडला मुक्काम केला, सकाळी सहाला निघालो, पाटोद्याच्या बाजूला रस्त्यात मोर आडवे गेले. पायऱ्या उतरून खाली रामेश्वराच्या मंदिराशी पोचलो तेव्हा धबधब्यावर नुकतं ऊन येत होतं.