कमरेचं प्लास्टर घातलेल्या लहानग्याला गाडीतून घरी कसं न्यावं

दोन-तीन वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं की बहुतेक वेळा त्याला छातीच्या खालपासून पायापर्यंत प्लास्टर घालतात. वॉर्डात आम्ही त्याला स्पायका म्हणतो. पाय फाकलेले, कंबर एका कोनात पक्की झालेली, आणि पुढचे चार ते सहा आठवडे मूल त्याच अवस्थेत. हे मूल गाडीत बसणार कसं, हा प्रश्न घरच्यांना पडतो तो डिस्चार्जचा कागद हातात आल्यावर. मग लिफ्टपाशीच सल्ले सुरू होतात. मामा म्हणतो मांडीवर घेऊ, काका म्हणतात मागच्या सीटवर आडवं निजवू नि उशा लावू, आणि कुणीतरी ओढणी काढून बांधायच्या तयारीत असतं.

यातलं काहीही करू नका. ताशी ४० किलोमीटरने चाललेली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १२ किलोचं मूल हातातून सव्वाशे किलोहून जास्त जोराने पुढे ओढलं जातं. प्लास्टरचं वजन त्यात धरलेलंच नाही. तेवढं धरून ठेवणारे हात कुणाच्याच आईकडे नसतात. आडवं निजवलेल्या मुलाला नेहमीचा सीटबेल्ट धरून ठेवत नाही आणि ओढणी तर पोटात रुतते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदाही हेच सांगतो: १४ वर्षांखालचं मूल बेल्टमध्ये किंवा कार सीटमध्ये, म्हणजे गाडीत वेगळ्या बसवायच्या मुलांच्या सीटमध्ये, बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड. पण दंड ही यातली सगळ्यात किरकोळ बाब.

हा लेख उपचार होऊन घरी निघालेल्या मुलासाठी आहे. मूल आत्ताच पडलंय, मान किंवा पाठ दुखतेय, डोक्याला मार आहे, गुंगी येतेय किंवा पाय वेडावाकडा दिसतोय, तर त्याला उचलून कार सीटमध्ये कोंबायचं नाही. जिथे आहे तिथेच शांत ठेवा आणि १०८ ला फोन करा.

प्लास्टर घालण्याआधी

कंबर किती वाकवायची हे डॉक्टर प्लास्टर घालताना ठरवतात. कंबर आणि गुडघे जवळजवळ काटकोनात असतील तर मूल कार सीटमध्ये बसू शकतं. पाय सरळ ठेवून घातलेल्या प्लास्टरमध्ये ते बसूच शकत नाही, मग सीट कितीही महागाची असो. म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी विचारा, ‘डॉक्टर, आम्हाला गाडीने जायचंय, बसतं प्लास्टर जमेल का?’ हाड कसं मोडलंय त्यावर उत्तर ठरेल. कधी ‘नाही’ येईल. तसं आलं तर वाद न घालता स्ट्रेचरची खासगी रुग्णवाहिका ठरवा. परदेशात असाल तर हॉस्पिटलकडे स्पायकासाठीची खास सीट तात्पुरती मिळते का, तेही आधीच विचारा.

सीट निवडताना

बाजूच्या भिंती ठेंगण्या हव्यात. उंच भिंतींची गुबगुबीत सीट रोज चांगली असेल, पण फाकलेल्या मांड्या तिच्यावर अडकतात आणि मूल अधांतरी राहतं. टेप घेऊन प्लास्टर गुडघ्यांपाशी सगळ्यात रुंद असतं तिथे मोजा, मग सीटची आतली रुंदी मोजा. गाडीच्या मागच्या दाराचंही माप घ्या. वजनाची मर्यादा प्लास्टर धरून बघा. मूल ज्या अपघातात जखमी झालं त्याच गाडीतली सीट असेल तर ती बाद. १५ महिन्यांपर्यंतच्या बाळाची सीट मागे तोंड करूनच लावायची, आणि एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर कधीच नाही.

सीट पुस्तिकेप्रमाणे आदल्या दिवशीच बसवून ठेवा. आयसोफिक्स, म्हणजे सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायची सोय, असेल तर उत्तम.

मूल बसवणं: खरी कसोटी

सुरुवातीची कितीतरी वर्षं मी याच टप्प्यावर झगडले, त्यामुळे इथे घाई करणाऱ्या नातेवाइकांना मी सरळ बाजूला उभं करते.

आधी सगळे पट्टे पूर्ण सैल करून बाजूला टाका. दोन पायांमधल्या बक्कलचा पट्टा पुढच्या खाचेत घेण्याची सोय असेल तर तिथे घ्या. आतली बाळाची गादी पुस्तिकेत काढायची परवानगी असेल तर काढा. डायपर नवा: छोटा आत प्लास्टरच्या कडेखाली खोचलेला, मोठा त्यावरून. बसवल्यावर डायपर बदलणं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

उचलायला दोघं लागतात. एकाने पाठ आणि कुल्ले धरायचे, दुसऱ्याने दोन्ही मांड्या. दोन पायांमध्ये आडवी दांडी असते, ती मूठ समजून धरायचा मोह सगळ्यांना होतो. ती मोडली की प्लास्टर तडकतं आणि तुम्ही परत प्लास्टर रूममध्ये. कुल्ले आधी टेकवा, अगदी मागे, मग पाठ टेकवा. पाठ आणि सीट यांच्यात फट दिसली तर मूल परत उचला आणि पुन्हा बसवा. ती फट उशीने भरणारे लोक मला रोज भेटतात. धडक बसली की उशी दबते, पट्टे सैल पडतात आणि मूल पुढे फेकलं जातं. मुलाच्या पाठीमागे किंवा कुल्ल्याखाली मऊ काहीही नको. दोन्ही कुशींना गुंडाळलेला पातळ टॉवेल चालतो.

आता पट्टे. प्लास्टरवर पट्टा नेहमी घट्ट वाटतो, कारण प्लास्टर कडक असतं. पोटाशी ओढून ‘झालं बरं का’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खरी परीक्षा गळ्याच्या हाडापाशी. तिथला पट्टा दोन बोटांच्या चिमटीत उभा धरून बघा. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल आहे. आधी खालची ढिलाई वर ओढून घ्या, मग समोरची दोरी खेचा. कमरेवरचा भाग जेवढा खाली बसेल तेवढा बसवा, तो प्लास्टरच्या वरच्या कडेवर चढून पोटाशी येता कामा नये. स्वेटर, शाल, दुलई सगळं पट्ट्यांच्या वरून.

आणि बक्कल लागलंच नाही तर? तर ती सीट या मुलासाठी नाही. बक्कल मोकळं सोडून नुसते खांद्याचे पट्टे बांधणं म्हणजे मूल खालून सटकायची सोय. गाडी परत पाठवा, रुग्णवाहिका बोलवा. यावर माझ्याशी भांडलेले बाप कमी नाहीत.

पायांचं वजन हवेत लोंबकळत ठेवू नका. प्लास्टरची कड कमरेत रुतते, आणि मूल का रडतंय ते कुणाला कळत नाही. पोटरीखाली चादरीची घट्ट गुंडाळी द्या, टाच मोकळी राहू द्या. पुढची सीट पूर्ण पुढे सरकवून रिकामी ठेवा.

रस्त्यात

दुखण्याचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, निघायच्या थोडं आधी. पोट भरून खाऊ घालू नका. ताम्हिणीच्या वळणांवर या अवस्थेत उलटी सांभाळणं कठीण जातं. शेजारी एक मोठं माणूस बसवा, स्वतःचा बेल्ट लावून. स्पीडब्रेकरला ड्रायव्हरने वेग चालण्याइतका करावा. पंधरा मिनिटांनी गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन पट्टे पुन्हा चिमटीत धरून बघा, कारण मूल हळूहळू खाली बसतं.

लांबचा प्रवास असेल तर दर तासाला पेट्रोल पंपावर थांबा. पायाची बोटं गरम आहेत का, हलतात का ते बघा. अंगठ्याचं नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी, पांढरी किंवा सुजलेली दिसली, किंवा औषध देऊनही दुखणं वाढत चाललं, तर घर कितीही जवळ असलं तरी गाडी जवळच्या हॉस्पिटलकडे वळवा.

पोचल्यावर आधी दार पूर्ण उघडा, दुसरा माणूस मांड्या धरायला हजर आहे का बघा, मगच बक्कल सोडा. घरात निजवल्यावर बॅटरी घेऊन प्लास्टरची कड सगळीकडून बघा, विशेषतः पाठीकडून. कातडी लाल झालेली किंवा सोललेली असेल तर फोटो काढून वॉर्डात फोन करा.